बोट अजून पाण्यात आहे

अहो, मालूची बोट अजून पाण्यात आहे आणि तिला काहीच ठाऊक नाही. तुम्ही गेलात हे इथे इंदुरात स्नेहलतागंजातल्या पानवाल्यापासून स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्यांपर्यंत सगळ्यांना कळलं, ग्वाल्हेरहून तुमच्या गेल्या हिवाळ्यातल्या खोलीच्या मालकाचीही तार आली, आणि आपल्या एकुलत्या एका मुलीला मात्र कळलेलं नाही. ती समुद्रात कुठेतरी आहे. आफ्रिका लागायला अजून अवकाश आहे. मी इथे माजघरात, तुमच्या जागी लावलेल्या दिव्यासमोर बसलेय आणि दाराची कडी वाजली की आधी आवाज कुणाचा ते ऐकते. भाऊजी तार करून आले की काय, ही एकच भीती.

तुमच्या धाकट्या भावाचं म्हणणं तुम्हीच ऐका. 'वहिनी, क्या है कि, पोरीचं लग्न झालेलं नाही. दहा दिवसांचं सुतक आहे तिला. ती तिथे गोडधोड खाणार, वेणीत फुलं माळणार, आणि इकडे बाप गेलाय. हे काय बरोबर आहे?' मी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, ज्याला कळलं नाही त्याला सुतक नाही, बातमी कानावर पडेल तिथून धरायचं, आणि दहा दिवस उलटून कळली तर तीनच दिवस. मी म्हटलं, बस, झालं तर मग. तिच्या कानावर पडत नाही तोवर तिला काही झालेलंच नाही. पण भाऊजी तारघरात जाऊन विचारून आले. चालत्या बोटीवर म्हणे बिनतारी निरोप जातो. तिथला बाबू म्हणाला, 'भिया, बोटीचं नाव लाओ, आज टाकला तर उद्या पोरीच्या हातात.' भाऊजींनी मला नाव विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही, इंग्रजी काहीतरी होतं, यांनाच ठाऊक. सुतकात बसून धडधडीत खोटं बोलले. इथेही लिहीत नाही मी ते नाव, न जाणो.

घाबरायचं काम आपल्या घरात तुमचं होतं, माझं नव्हे. तुम्ही घाबरायचं आणि मी तुमची टिंगल करायची, असं आपलं इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. होळकरांचं राज्य गेलं, मध्यभारत झाला, आणि तुमचं ऑफिस थंडीत ग्वाल्हेर नि उन्हाळ्यात इंदूर असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायला लागलं, तेव्हापासून तर तुमची भीती अगदी पद्धतशीर झाली. दर हिवाळ्यात ग्वाल्हेरला नवा कमरा शोधायचा. आधी तिथल्या पाण्याची चव बघायची. मग खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतून ढेकूण किती निघतात ते बघायचं. मग मालकाला विचारायचं, आग लागली तर उतरायला दुसरा जिना आहे का? एका मालकानं उलट विचारलं होतं, 'बाबूजी, आप रहने आए हैं कि आग लगाने?' तुम्हीच घरी येऊन सांगितलंत आणि मी हसून हसून हातातलं पाणी सांडलं. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, 'हस तू. परक्या गावात माणूस पडला तर त्याला कोण विचारतं?'

मालूला दारेसलामच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मला वाटलं, हे काही हो म्हणत नाहीत. सगळी गल्लीच नाही म्हणत होती. लग्नाची मुलगी, एकटी, समुद्रापार! तुम्ही दोन-चार दिवस धड जेवला नाहीत. मग एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते तिथे येऊन म्हणालात, 'जाऊ दे तिला. मी घाबरतो म्हणून तिनं का घरी बसायचं?' हे तुम्ही तिला कधी सांगितलं नाहीत, मलाच सांगितलंत. ती अजून समजते, आईनं बाबांच्या मागे लागून हो म्हणवून घेतलं.

मग मुंबईला जायचं कसं यावरून आपलं जुंपलं. मी म्हणत होते, रेल्वेनं. तुम्ही म्हणालात, खांडव्याला गाडी बदलायची, ट्रंका या गाडीतून त्या गाडीत, एखादी मागे राहिली तर बोट काय आपल्यासाठी थांबणार आहे? म्हणून मोटार. आणि मोटार तरी कसली, तर संस्थान गेल्यावर एका सरदारांनी येईल त्या किमतीला काढून टाकलेली नि तुम्ही हौसेनं घेतलेली, मागच्या खिडक्यांना त्यांच्या बाईसाहेबांसाठी मखमली पडदे लावलेली. आपल्यासारख्या बाबूच्या दारात ती उभी राहिली की येणारे-जाणारे विचारायचे, कोण आलंय? मानपूरच्या घाटात तिचं इंजिन उकळलं तेव्हा मी म्हटलं, यापेक्षा खांडवा बरं होतं. तुम्ही म्हणालात, 'आता बोलू नकोस, मागून ट्रक येतोय.' तो वाद तसाच राहिला. आज सांगते, मोटारीनं गेलो तेच बरं झालं. रेल्वेत तुम्ही नुसते सामान मोजत बसला असतात. इथे मुंबईपर्यंत आपण तिघं एकत्र होतो, भांडत का होईना.

मुंबईत शिरलो आणि तुमच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या. गिरगावात माझा मावसभाऊ आहे. सख्खा मावसभाऊ गावात असताना पैसे देऊन लॉजमध्ये उतरायचं, हे इंदुरात कुणाला सांगितलं तर तोंडात शेण घालतील. पण त्याच्या दोन खोल्यांत आधीच माणसं पाय दुमडून झोपतात. तुम्ही म्हणालात, 'बोटीत चढण्याआधी मालूची नीट झोप झाली पाहिजे. हॉटेल बघू, स्वस्तातलं.' आणि भावाला कळवायचंच नाही असं ठरलं. आता तो भेटायला येईल, तेव्हा काय सांगू त्याला?

स्वस्तातलं हॉटेल काही मिळेना, कारण मोटार दिसली की भाव चढायचा. पहिल्या लॉजच्या मॅनेजरनं गॅलरीतून खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, 'मोटार हाय तर इकडं कशाला आले? मोटारवाल्यांची हॉटेलं तिकडं फोर्टात.' दुसऱ्यानं सरळ दुप्पट सांगितले. मोटार कुठे ठेवायची विचारलं तर म्हणाला, 'डोक्यावर.' मग तुम्ही शक्कल काढलीत. मोटार कोपऱ्याआड उभी करायची, आम्ही मायलेकींनी पडदे ओढून आत बसायचं, आणि तुम्ही हातात तांब्या घेऊन, थेट स्टेशनातून चालत आल्यासारखं दाखवत, लॉजमागून लॉज भाव विचारत फिरायचं. वैशाखाचं ऊन आणि मखमलीचे पडदे. आम्ही आत उकडून निघालो. तेवढ्यात एका पोलिसानं काचेवर दांडा वाजवला.

'कोण हाय आत? पडदे कशाला लावलेत?'

मी पडदा सारला. म्हटलं, 'आम्ही इंदूरचे. आमचे हे हॉटेल बघायला गेलेत.'

'गाडी काढा हितनं, बाई.'

'मला कुठे येते चालवता?'

'मग मी चालवू काय?'

मालूला हसू आवरेना. मी तिला चिमटा काढला. तेवढ्यात तुम्ही दिसलात, तांब्यातलं पाणी सांडत धावत येताना, तोंडावरचं रक्त उतरलेलं. तुम्हांला वाटलं, आम्हां दोघींना धरून नेतायत. दोन्ही हात जोडून म्हणालात, 'भिया, फॅमिली है, फॅमिली!' इंदुरात भिया म्हटलं की माणूस अर्धा विरघळतो. त्या बिचाऱ्याला काही उमगलं नाही, पण तुमचा अवतार बघून हसला आणि निघून गेला.

शेवटी एक लॉज मिळालं, तिसऱ्या मजल्यावरचं. पाणी चाखून झालं. मॅनेजरकडून उकळत्या पाण्याची किटली मागून खाटांवर ओतून झाली. दुसरा जिना आहे म्हणाला, तर तो उतरून आणि पुन्हा चढूनही बघितलात. वर आलात तेव्हा धाप लागली होती. मॅनेजर मला हळूच म्हणाला, 'यजमान बरे आहेत ना? आमच्याकडे आजारी माणूस ठेवत नाही.' मी ठसक्यात म्हटलं, 'काही झालेलं नाही त्यांना. घाबरट आहेत, बस.' आता ते बोलणं सारखं कानात घुमतं.

राहिली मोटार. लॉजच्या मागे एका सेठची लाकडाची वखार होती. सेठ म्हणाले, ठेवा, बोट सुटेपर्यंत खुशाल ठेवा. आता आपल्याकडची रीत अशी की, कुणाच्या अंगणात मोटार ठेवली तर किल्ली त्या घरमालकाच्या हातात द्यायची. त्यांच्याकडे कुणी आजारी पडलं, गल्लीत कुणाला बाळंतपणाला न्यायचं झालं, तर मोटार नुसती उभी का राहावी? किल्ली खिशात घालून जाणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. इंदुरात लालबागेपलीकडे तुमच्या मित्राकडे आपण नेहमी तसंच करायचो. तर तुम्ही, खाटेतल्या ढेकणाला घाबरणारे तुम्ही, त्या अनोळखी सेठच्या हातावर किल्ली ठेवलीत आणि म्हणालात, 'चाबी आप ही के पास रहने दीजिए, सेठजी.' मालू कानाशी लागली, 'बाबा, ही मुंबई आहे.' तुम्ही म्हणालात, 'असू दे. आपण तर इंदूरचे आहोत ना?' तुमच्या घाबरटपणावर मी जन्मभर हसले, पण अशा वेळी मला तुमचा फार अभिमान वाटायचा. सांगितलं नाही कधी, डोक्यावर चढून बसला असतात.

बंदरावर आपल्याला दोरखंडाच्या अलीकडेच थांबवलं. मालू वर कठड्याशी आली. केवढीशी दिसत होती. मला वाटलं, आता तरी तुम्ही तिला ते सांगाल, तुळशीपाशी मला सांगितलेलं. भोंगा झाला आणि तुम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलात, 'मालू, कठड्याला टेकू नकोस!' तिला ऐकू गेलं नाही. तिनं कानाला हात लावला. तुम्ही पुन्हा ओरडलात. तेव्हा मान हलवून ती मागे सरकली, म्हणजे आपल्याला दिसेनाशीच झाली. मी चिडले तुमच्यावर. अहो, अजून थोडा वेळ दिसली असती ना!

वखारीत परत आलो तर मोटार नाही. सेठही नाहीत. तुम्ही एका ओंडक्यावर बसलात. हात छातीवर, ओठ पांढरेफटक. 'गेली,' एवढंच म्हणालात. मी म्हटलं, गेली तर गेली, मुलगी तर सुखरूप चढली ना बोटीवर? तुमच्या छातीवरचा तो हात मोटारीसाठी होता, का मालूसाठी, का छातीत तेव्हाच कळ आली होती? तुम्ही गेल्यावर डॉक्टर म्हणाले, आधी काही त्रास होता का? मी काय सांगू? तुम्ही तर दर दोन दिवसांनी छातीवर हात ठेवत होतात. कुठली भीती खरी आणि कुठलं दुखणं खरं, मला ओळखू आलं नाही हो.

आणि मग वाजंत्री ऐकू आली. गल्लीच्या तोंडातून आपली मोटार येत होती. पुढे झेंडूच्या माळा, मखमली पडदे छान चुण्या घालून बांधलेले, आत नवरा-नवरी आणि मागे घामाघूम झालेले सेठ. 'अरे साहब, आप ने ही तो चाबी दी! हम समझा, भतीजी की शादी के लिए भगवान ने गाडी भेजी.' तुम्ही उठलात, नवरीच्या डोक्यावर हात ठेवलात आणि हुंदके देऊन रडायला लागलात. पाहुण्यांना वाटलं, तुम्ही मुलीकडचेच कुणी आहात. त्यांनी तुम्हांला खुर्ची दिली, सरबत दिलं. एक म्हातारी तर तुमची पाठ थोपटत म्हणाली, 'रोओ मत भाई, बेटी तो जाती ही है.' येताना धुळ्यापर्यंत सीटमध्ये अक्षता सापडत होत्या आणि तुम्ही दर वेळी म्हणत होतात, 'बघ, रीत पाळली. काही बिघडलं का?' इतकं खुशीत तुम्हांला मी फार वेळा बघितलेलं नाही. तेवढा प्रवास दिलात मला, हे तुमचे उपकार.

घरी येऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी दाढी करायला बसलात, अर्ध्या गालावर साबण तसाच राहिला. मी पदरानं पुसला. आरडाओरडा भाऊजींनी केला, गल्ली गोळा झाली, कुणी पाणी आणलं, कुणी डॉक्टरांना घेऊन आलं. परक्या गावात पडण्याची तुम्हांला जन्मभर धास्ती होती, आणि पडलात ते स्वतःच्या घरात, माझ्या हातांवर. परक्या ठिकाणी आपली मालू आहे. मला तेच सुचत राहतं. बोटीवर कुणी शिपाई तिच्या हातात कागद देईल. ती वाचेल. मग काय करेल? इथे माणूस दुःखात निदान घराबाहेर धावत सुटतो, शेजारच्या दारात जाऊन पडतो. तिथे ती धावून जाणार कुठे? चहूकडे पाणी, आणि खोलीत कोण कुठल्या परक्या बायका. मी रोज मनात तो कागद तिच्या हातातून काढून घेते.

एवढं काल लिहिलं होतं. आज दुपारी कडी वाजली. भाऊजी आले आणि दारातच उभे राहिले.

'वहिनी, नाव कळलं मला बोटीचं. शेजारच्या इंदूकाकूंनी सांगितलं. मुंबईहून आल्या-आल्या तुम्ही चार घरी सांगत फिरला होतात म्हणे. मग माझ्याशी खोटं का बोललात?'

मी विचारलं, 'तार टाकलीत?'

'नाही. तुम्हांला विचारल्याशिवाय टाकू होय?' मग चपला काढत म्हणाले, 'आई गेली तेव्हा मी आग्र्याला शिकत होतो. परीक्षा चालू होती म्हणून दादानं मला कळवलं नाही. त्या दिवसांत मी सिनेमा बघितला, वहिनी. पेठा खाल्ला मित्रांबरोबर. इकडे आई गेलेली आणि मी तिकडे हसत होतो. दादाला मी ते कधी माफ केलं नाही. आता करून तरी काय?'

हे तुम्ही दोघांनी मला कधी कळू दिलं नाहीत. एका ताटात जेवत होतात आणि हे पोटात ठेवून होतात. त्यांचं खरंच होतं. उद्या मालूही मला हेच म्हणेल, आई, मी हसत होते आणि तू मला हसू दिलंस. या भीतीवर तर माझ्याकडे काहीच इलाज नाही. मी विचारलं, 'मग तुम्हांला कळलं कसं, भाऊजी? तार आली?'

'नाही. दादा स्वतः आला होता. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर समोर उभा. डोकं भादरलेलं. बघितलं आणि समजलो.'

'काय म्हणाले?'

'काही नाही. धरलं मला. मी त्याला मारलं, वहिनी. भर रस्त्यात, तोंडावर मारलं. त्यानं सोडलं नाही. तसाच धरून उभा राहिला.'

भाऊजी उंबऱ्यातच खाली बसले. तुम्ही गेल्यापासून ते तिरडीची दोरी, ब्राह्मण, लाकडं, पाहुणे हेच बघत होते. आज पहिल्यांदा रडले. मी सुतकातली आणि तेही सुतकातले, आम्हांला एकमेकांना शिवायला काही हरकत नव्हती. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

म्हटलं, 'भाऊजी, मालूला तिथे कोण धरणार? ती कुणाला मारणार?'

त्यांनी मान वर केली नाही. मी सांगत गेले. दारेसलामच्या शाळेच्या मोठ्या बाई बंदरावर तिला घ्यायला येणार आहेत, तसं त्यांनीच कबूल केलंय. तार त्यांना करू. ती उतरली, जमिनीवर पाय लागले, की त्या जवळ घेऊन सांगतील. मग तीन दिवस सुतक पाळेल, नाहीतर महिनाभर पाळेल, नाहीतर मला शिव्या देईल. पण कुणाच्या तरी हातात असेल. भाऊजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. म्हणाले, 'ठीक है, वहिनी. तुम्ही म्हणाल तेव्हा.' चपला घालता घालता वळून विचारलं, 'आणि तोवर?'

मी म्हटलं, तोवर काही नाही, तुम्ही दोन घास खाऊन घ्या. पण अहो, तुम्हांला सांगते. तोवर तुम्ही आहात. या घरात नाही, ऑफिसात नाही, सगळ्या इंदुरात कुठे नाही, पण त्या बोटीवर तुम्ही आहात. तिथे तुम्ही आत्ता ऑफिसला निघालाय, आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरताय, आणि मालू शेजारच्या बाईला हसत सांगतेय, आमचे बाबा ना, भारी घाबरट आहेत. जगात तेवढी एकच जागा उरलीय. आणि ती रोज किनाऱ्याकडे सरकतेय. तारेतले शब्द मीच सांगणार आहे, ते काम मी भाऊजींवर टाकणार नाही. म्हणजे तिथले तुम्ही जाल ते माझ्या तोंडून. मला फार भीती वाटते हो. ती बोट जरा सावकाश जाऊ दे.